डोंगल लावलं, पण वाय-फाय कुठाय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि घरोघरी धडधाकट पण जुन्या संगणकांचं करायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. बऱ्याच जणांनी त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घातलं. संगणक पुन्हा पळू लागला, पण वाय-फायचं घोडं अडलं. डेस्कटॉपमध्ये वाय-फाय बहुधा नसतंच. जुन्या लॅपटॉपमधलं कार्ड एक तर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, नाहीतर केव्हाच निकामी झालेलं असतं. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा ऑनलाइन तीन-चारशे रुपयांचं यूएसबी डोंगल घरी येतं. ते खोचलं की कधी दिवा लागतो, कधी तोही लागत नाही, आणि वाय-फायची यादी रिकामीच राहते.

यानंतर बहुतेक लोक खोक्यावरचं नाव टाकून उपाय शोधतात आणि हाती लागलेल्या पहिल्या दहा आज्ञा टर्मिनलमध्ये चिकटवतात. त्यातल्या निम्म्या आज्ञा दुसऱ्याच डोंगलच्या असतात आणि उरलेल्या आठ-दहा वर्षं जुन्या. डोंगल चालत नाही ते नाहीच, शिवाय आता यंत्रात दोन ड्रायव्हर एकमेकांशी भांडत बसतात. खोक्यावरचं नाव सध्या विसरा. आतली चिप कोणती आहे, एवढंच लिनक्सला कळतं. यंत्राला डोंगल दिसतंय का, त्याला ड्रायव्हर लागलाय का, फर्मवेअर मिळालं का, रेडिओ कुणी बंद तर केला नाही ना, हे याच क्रमाने बघत गेलं की अडलंय कुठे ते सापडतं.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकायच्या. यंत्रात बदल करणाऱ्या आज्ञेच्या आधी ‘सुडो’ लावायचं.

डोंगल खोचा आणि ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्या. सगळी अक्षरं जोडून लिहायची. यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूची एकेक ओळ येईल. माउस, कीबोर्ड, वेबकॅम सगळे त्यात असतील. डोंगल काढून तीच आज्ञा पुन्हा दिलीत की कुठली ओळ गायब झाली, त्यावरून आपली ओळ ओळखता येते. त्या ओळीत ‘आयडी’ या शब्दापुढे चार-चार अक्षरांची एक जोडी असते, मध्ये अपूर्णविराम. पहिली चार अक्षरं उत्पादकाची, पुढची चार त्या वस्तूची. ०बीडीए:८८१२ दिसलं तर ते रियलटेकचं, आत आरटीएल ८८१२ एयू ही चिप. ०ई८डी:७६१२ म्हणजे मीडियाटेकची एमटी ७६१२ यू. १४८एफ:५३७० म्हणजे रॅलिंकची जुनी आरटी ५३७०. ही जोडी कागदावर लिहून ठेवा. पुढचा सगळा शोध तिच्या नावाने करायचा.

हे एवढं ठासून सांगण्याचं कारण टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन ७२२ एन या लोकप्रिय मॉडेलच्या इतिहासात सापडेल. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर ९२७१ चिप होती, ओळख ०सीएफ३:९२७१. लिनक्सवाले या चिपवर खूश होते, कारण ड्रायव्हर कर्नलमध्येच होता आणि पुढे २०१३ मध्ये तिचं फर्मवेअरही खुलं झालं. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने रियलटेकची आरटीएल ८१८८ ईयूएस बसवली. ओळख बदलून २३५७:०१०सी झाली, पण मॉडेलचं नाव आणि बाहेरचं रूप जवळपास तेच राहिलं. ‘हे लिनक्सवर मस्त चालतं’ असं वाचून ज्यांनी नंतर ते विकत घेतलं, त्यांच्या हाती वेगळीच चिप आली. आवृत्ती सहसा डोंगलच्या पाठीवरच्या स्टिकरवर बारीक अक्षरांत छापलेली असते. दुकानदाराला ती विचारून उपयोग नाही, ती स्वतःच वाचावी.

‘एलएसयूएसबी’मध्ये नवी ओळच दिसत नसेल, तर प्रश्न लिनक्सचा नाही. दुसऱ्या पोर्टात लावा, हब मधून काढा, दुसऱ्या संगणकावर बघा. रास्पबेरी पाय वापरत असाल तर आधी चार्जरकडे संशयाने बघा. अपुरा वीजपुरवठा असेल तर डोंगल दिसतं आणि नाहीसं होतं.

कधीकधी ओळ दिसते, पण वाय-फायऐवजी ‘डिस्क’ असा शब्द असतो, ओळख ०बीडीए:१ए२बी, आणि फाइल मॅनेजरमध्ये एक सीडी उगवते. ही सीडी खरी नसते. विंडोजवाल्यांना ड्रायव्हर शोधावा लागू नये म्हणून उत्पादकाने डोंगलच्याच पोटात ती भरलेली असते. डोंगल आधी सीडी म्हणून पुढे येतं आणि ड्रायव्हर बसल्यावरच वाय-फाय होतं. लिनक्समध्ये त्या सीडीवर राइट-क्लिक करून ‘इजेक्ट’ करा आणि पुन्हा ‘एलएसयूएसबी’ द्या. ओळख बदललेली दिसेल, म्हणजे ०बीडीए:सी८११ असं काहीतरी. हीच खरी ओळख. दर वेळी हा उपद्व्याप नको असेल तर ‘यूएसबी-मोडस्विच’ नावाचं पॅकेज टाका. ते हेच काम आपोआप करतं.

आता ड्रायव्हर. विंडोजची सवय असलेल्याला वाटतं, ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवायचा असतो. लिनक्समध्ये उलट आहे. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे व्यवस्थेच्या गाभ्यातच असतात आणि कर्नलबरोबरच अद्ययावत होतात. म्हणून ‘माझ्या चिपचा ड्रायव्हर कुठे मिळेल?’ याच्या आधी ‘माझ्या चिपचा ड्रायव्हर कुठल्या कर्नलपासून आला?’ हे विचारायचं. आपला कर्नल कोणता, ते ‘यूनेम’ या आज्ञेपुढे डॅश आणि आर लावल्यावर कळतं.

रियलटेकच्या चिपांच्या बाबतीत हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो, कारण भारतातल्या स्वस्त डोंगलांत याच चिपा खच्चून भरलेल्या असतात आणि त्यांना कर्नलमध्ये जागा मिळायला वर्षानुवर्षं लागली. ८८११ सीयू, ८८२१ सीयू आणि ८८२२ बीयू या चिपांचा आधार आला तो फेब्रुवारी २०२३ च्या ६.२ कर्नलमध्ये. ८१८८ ईयूएसचा धड ड्रायव्हर ६.३ मध्ये. ८८१२ एयू आणि ८८२१ एयू तर थेट जानेवारी २०२५ च्या ६.१३ मध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चा कर्नल आहे ६.१२, म्हणजे कोरं करकरीत डेबियन आणि ८८१२ एयूचं डोंगल यांची गाठ एका आवृत्तीने हुकते! लिनक्स मिंट २२ मध्ये ६.८ आहे, मिंट २२.२ मध्ये ६.१४. तुमची चिप यादीत असेल आणि कर्नल जुना असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यापेक्षा कर्नल वर न्या. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘लिनक्स कर्नल्स’ अशी खिडकी आहे, तिथून नवा कर्नल दोन क्लिकांत बसतो. जुना कर्नल राहतोच, त्यामुळे काही बिघडलं तर चालू होताना जुना निवडून परत येता येतं. डेबियनवाल्यांसाठी ‘बॅकपोर्ट्स’ भांडारात नवे कर्नल असतात.

पण नवा कर्नल उतरवायला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटसाठीच तर ही सगळी खटपट! यावर उत्तर खिशातच आहे. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा, केबल डेटा वाहणारी असली पाहिजे, आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो, संगणकाला ते तारेचं जाळं वाटतं. मोबाइल डेटाही जाळावा लागत नाही. फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल तर बहुतेक फोन तेच वाय-फाय केबलवाटे पुढे देतात. खरं सांगायचं तर एखाद्याला आठवड्यातून एकदाच संगणक लावायचा असेल, तर त्याने डोंगलच्या भानगडीत न पडता एवढ्यावरच भागवावं.

ड्रायव्हर लागला की नाही, हे बघायला ‘एलएसयूएसबी’पुढे डॅश आणि टी लावा. आता यूएसबीचं झाड दिसेल आणि प्रत्येक फांदीवर ‘ड्रायव्हर’ या शब्दापुढे नाव असेल. आपल्या डोंगलपुढे ती जागा रिकामी असेल किंवा ‘नन’ असेल, तर कर्नलला ही चिप माहीत नाही. नाव असेल आणि तरी वाय-फाय नसेल, तर पुढचा संशय फर्मवेअरवर.

फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा कार्यक्रम. बऱ्याच डोंगलांत तो कायमचा साठवलेला नसतो, दर वेळी ड्रायव्हर संगणकातून फाइल उचलतो आणि चिपमध्ये भरतो. फाइल नसेल तर ड्रायव्हर हजर असूनही काम होत नाही. कर्नल याबद्दल तक्रार नोंदवतो. ती बघण्यासाठी ‘सुडो डीएमईएसजी’ ही आज्ञा डोंगल खोचल्या खोचल्या द्या आणि शेवटच्या वीस-पंचवीस ओळी वाचा. ‘फर्मवेअर’, ‘फेल्ड’ आणि उणे २ हा आकडा एकत्र दिसला तर फाइल सापडली नाही, इतकाच त्याचा अर्थ. उणे ११० असेल तर डोंगलने वेळेत उत्तर दिलं नाही, आणि मग पुन्हा पोर्ट, केबल, वीज यांकडे वळायचं. टर्मिनलमधल्या इंग्रजी ओळी बघून अनेकांचे डोळे आपोआप मिटतात. मिटू देऊ नका. या एका आज्ञेत जेवढी माहिती आहे तेवढी दहा व्हिडिओंत मिळत नाही.

उबुंटू आणि मिंटमध्ये फर्मवेअरचा मोठा गठ्ठा आधीच बसवलेला असतो, त्यामुळे तिथे ही अडचण क्वचित येते. डेबियनचं धोरण अनेक वर्षं वेगळं होतं. ज्याचा मूळ कोड खुला नाही असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं नाही, हा त्यांचा बाणा. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदान करून तो सैल केला आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागलं. त्याआधीच्या डेबियनवरून वर वर अद्ययावत करत आला असाल, तर सोर्सेसच्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा विभाग आहे का ते तपासा. जुन्या यादीत फक्त ‘नॉन-फ्री’ असतं, आणि डेबियन १२ पासून फर्मवेअर त्यातून बाहेर काढलंय. मग रियलटेकसाठी ‘फर्मवेअर-रियलटेक’ हे पॅकेज घ्या. इतर चिपांसाठी ‘एपीटी सर्च’ला ‘फर्मवेअर’ असा शब्द दिला की यादी समोर येते.

आता राहिला तो भाग, जिथे माझं मत जरा कडक आहे. चिप कर्नलमध्ये नाही, नवा कर्नल घालता येत नाही, तर गिटहबवरून ड्रायव्हरचा कोड उतरवून घरी बांधायचा, हा मार्ग आहे. तो चालतो. त्यासाठी कंपायलर लागतो, आपल्या कर्नलचे ‘हेडर्स’ लागतात, आणि ‘डीकेएमएस’ लागतं. २००३ च्या सुमारास डेलने हे साधन बनवलं. कर्नल बदलला की बाहेरचा ड्रायव्हर ते आपोआप पुन्हा बांधतं. डीकेएमएसशिवाय ड्रायव्हर बसवलात तर पुढच्या अपडेटनंतर वाय-फाय गेलंच म्हणून समजा. आणि डीकेएमएस असूनही एखाद दिवशी नव्या कर्नलशी जुना कोड जुळत नाही, बांधणी फसते, आणि कोड सांभाळणारा माणूस दुरुस्ती करेपर्यंत थांबावं लागतं. हे सांभाळणारे बहुतेक वेळा पगारी नसतात. रियलटेक आणि ब्रॉडकॉमच्या चिपा लिनक्सवर चालाव्यात म्हणून लॅरी फिंगर या अमेरिकन स्वयंसेवकाने वर्षानुवर्षं काम केलं. जून २०२४ मध्ये ते गेले. आज ज्यांचं डोंगल निमूट चालतं त्यांतल्या कित्येकांना हे नावही ठाऊक नसेल.

घरी बांधलेल्या ड्रायव्हरला आणखी एक अडसर आहे: सिक्युअर बूट. हे चालू असेल तर बाहेरचा, सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही आणि ‘की वॉज रिजेक्टेड’ असं सांगतो. उबुंटू किंवा मिंटमध्ये असा ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. त्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा थोडा वेळच थांबतो. घाईने ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की चावी नोंदली जात नाही आणि ड्रायव्हर बाहेरच राहतो. कर्नलबरोबर आलेल्या ड्रायव्हरांवर वितरकाची सही असतेच, त्यांना हा जाच नाही.

म्हणून सांगतो: परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर असं डोंगल परत करा. कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेलं घ्या. फक्त २.४ गिगाहर्ट्झ पुरत असेल आणि खर्च कमी करायचा असेल, तर मीडियाटेकची एमटी ७६०१ यू २०१५ च्या ४.२ कर्नलपासून चालते. ५ गिगाहर्ट्झ हवं असेल तर एमटी ७६१२ यू. वाय-फाय ६ हवं असेल तर एमटी ७९२१ एयू, कर्नल ५.१८ पासून. अल्फा कंपनीच्या एसीएम आणि एएक्सएमएल या मॉडेलांत अनुक्रमे या शेवटच्या दोन चिपा असतात. ती डोंगलं महाग आहेत, पण खोचली की चालतात. विक्रेत्याच्या पानावर चिपचं नावच नसेल आणि फक्त ‘लिनक्स सपोर्टेड’ लिहिलेलं असेल, तर त्या दोन शब्दांवर एक रुपयाही लावू नका.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही जागेवर, तरी यादी रिकामी? ‘आरएफकिल’ अशी आज्ञा द्या. प्रत्येक रेडिओपुढे ‘सॉफ्ट’ आणि ‘हार्ड’ असे दोन रकाने येतात. सॉफ्ट बंद असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ने उघडतं. लॅपटॉपवरचं विमानाच्या चित्राचं बटण चुकून दाबलं गेलं की आतल्या कार्डाबरोबर डोंगलही बंद होतं. हार्ड बंद असेल तर मात्र कडेला असलेली खरीखुरी खटकी शोधा.

मग ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ द्या. तिथे डब्ल्यूएलएक्स आणि पुढे बारा अक्षरं असं लांबलचक नाव दिसलं तर दचकू नका. यूएसबी डोंगलला त्याच्या मॅक पत्त्यावरून नाव देण्याची ती रीत आहे. त्यापुढे ‘अनमॅनेज्ड’ असेल तर जोडण्या सांभाळणारा नेटवर्क-मॅनेजर त्याला हातच लावत नाहीये. डेबियन बसवताना हेच डोंगल वापरलं असेल तर त्याचं नाव ‘ईटीसी’मधल्या ‘नेटवर्क’ फोल्डरच्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये लिहिलं गेलेलं असतं. त्या ओळी पुसून संगणक पुन्हा सुरू केला की काम होतं.

जाळं दिसतं, पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा पासवर्डच मागतं, हा रियलटेकवाल्यांचा नेहमीचा त्रास. शोध घेताना नेटवर्क-मॅनेजर खासगीपणासाठी मॅक पत्ता बदलत राहतो आणि काही ड्रायव्हरांना ते झेपत नाही. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डिव्हाइस’ विभागाखाली ‘वायफाय डॉट स्कॅन-रँड-मॅक-अ‍ॅड्रेस’ला ‘नो’ केलं की बहुतेकदा सुटतं. राउटर फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवला असेल तर तो २ आणि ३ अशा मिश्र पर्यायावर आणून बघा.

५ गिगाहर्ट्झचं जाळं दिसत नसेल तर आधी चिपच २.४ वाली नाही ना, ते पाहा. मग ‘आयडब्ल्यू रेग गेट’ द्या. देश म्हणून ००  आलं तर लिनक्सला आपण कुठे आहोत ते ठाऊक नाही आणि तो सावधपणे कमी वाहिन्या वापरतो. ‘आयडब्ल्यू रेग सेट’पुढे भारताची दोन मोठी अक्षरं, आयएन, लिहा. इथे मात्र मोठीच अक्षरं हवीत. भारताने २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा परवानामुक्त केला, त्यामुळे वाहिन्यांची कमतरता नाही.

शेवटचं गाऱ्हाणं वेगाचं. जाळं जोडतं, पण दर थोड्या वेळाने अडखळतं. उबुंटू-मिंटमध्ये वीज वाचवण्यासाठी रेडिओ मधूनमधून डुलकी घेतो. नेटवर्क-मॅनेजरच्या ‘कॉन्फ डॉट डी’ फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाइल आहे, तिच्यातला ३ हा आकडा २ करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. आतलं जुनं कार्डही त्याच राउटरला जोडलेलं असेल तर ते तोडा. नाहीतर नवं डोंगल नुसतं शोभेला आणि सगळी ये-जा जुन्याच कार्डावरून, असं होऊ शकतं.

आणि डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टात असेल, शेजारी हार्ड डिस्क जोडलेली असेल, तर खोड तिथे असू शकते. यूएसबी ३ च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात आवाज पसरतो, हे इंटेलने २०१२ च्या एका अहवालात मोजमापांसह दाखवलं आहे. फाइल कॉपी करायला लागलं की वाय-फाय मरतं ते यामुळे. उपाय बाजारात शंभर-दीडशे रुपयांना मिळतो: यूएसबीची वाढीव केबल. डोंगल यंत्रापासून हातभर लांब, टेबलावर उंच ठेवा. डेस्कटॉपच्या मागच्या पत्र्याला चिकटून बसलेल्या नखाएवढ्या डोंगलला तर ही केबल हमखास लावावी. त्या पत्र्याच्या आडून राउटर शोधायचं काम कुठल्याही ड्रायव्हरला जमणारं नाही.